बुद्धिबळाचा प्रोग्राम ओपनिंग बुकातून चाल निवडतो कशी? (राजारामपुरीतल्या वर्गासाठी हवं आहे)

पटावरचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. राजारामपुरीत मुलांच्या बुद्धिबळ वर्गासाठी जावात लिहिलेला एक जुना प्रोग्राम वापरात आहे. त्याला पॉलिग्लॉट पद्धतीची .बिन फाईल, म्हणजे ओपनिंगच्या (डावाच्या सुरुवातीच्या) तयार चालींचं पुस्तक, जोडली आहे. इंजिन ठीक आहे, अडचण ओपनिंगची आहे.

१) प्रोग्राम पांढऱ्याकडून खेळला की पहिली चाल पुस्तकातून येते. काळ्याकडून असताना मुलांनी १.ई४ केलं की 'पुस्तकाबाहेर' दाखवतो आणि विचार करत बसतो. १.घोडा एफ३ ला मात्र लगेच पुस्तकातलं उत्तर येतं. फाईलमध्ये १.ई४ ची उत्तरं नक्की आहेत, स्किड या बुद्धिबळाच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये उघडल्यावर दिसतात.
२) काही ठिकाणी तो कमकुवत चाल वारंवार निवडतो. चांगली चाल पुस्तकात असताना असं का?
३) ८ ते १२ वयाच्या मुलांच्या सरावासाठी पुस्तकाची मांडणी कशी असावी?

जाणकारांनी सविस्तर लिहावं.

उंट_तिरका
आधी फाईलमध्ये काय असतं ते पाहू. पॉलिग्लॉट हा फॅबियन लतूझे यांचा, म्हणजे फ्रूट इंजिनच्या कर्त्याचा. त्याच्या पुस्तकात 'डाव' नसतातच, असतात त्या स्थिती. एक नोंद बरोबर १६ बाइटची: ८ बाइट स्थितीची 'की' (त्या स्थितीचा ओळख-आकडा), २ बाइट चाल, २ बाइट वजन (चाल निवडली जाण्याचं प्रमाण), ४ बाइट 'लर्न' नावाचा रकाना. तो शेवटचा रकाना बहुतेक प्रोग्राम वाचतसुद्धा नाहीत. एका स्थितीत पाच चाली असतील तर एकाच कीच्या पाच नोंदी लागून येतात. सगळी फाईल कीच्या चढत्या क्रमाने लावलेली असते, म्हणून बायनरी सर्च चालतो. दहा लाख नोंदींची फाईल १६ एमबीची होते आणि तिच्यात हवी ती की विसेक तुलनांत सापडते.

मग निवड. त्या कीच्या सगळ्या नोंदी गोळा करायच्या, वजनांची बेरीज करायची आणि त्या बेरजेच्या आत एक यादृच्छिक आकडा काढायचा. तो ज्या चालीच्या हिश्शात पडेल ती चाल खेळायची. दुसरी रीत म्हणजे दरवेळी सर्वांत जास्त वजनाची चाल घ्यायची. तिसरी, वजन न बघता कुठलीही. पायथन-चेस लायब्ररीत या तिन्हींसाठी वेगवेगळी फंक्शनं आहेत. तुमचा प्रोग्राम यातलं काय करतो ते कोडमध्ये बघा.

शाहूपुरी_६४
पाहुणे, तुमचा पहिला मुद्दा मला ओळखीचा वाटतोय. जावात 'लाँग' हा चिन्हासहित ६४ बिटांचा असतो, चिन्हविरहित प्रकार नाही. पॉलिग्लॉटची फाईल लावलेली असते चिन्हविरहित क्रमाने. साध्या 'पेक्षा लहान' चिन्हाने तुलना केली की ज्या कीचा सगळ्यात वरचा बिट १ आहे ती जावाला ऋण वाटते आणि शोध भलत्या दिशेला जातो. परिणामी साधारण निम्म्या स्थिती सापडतात, निम्म्या सापडत नाहीत. तुलना 'लाँग.कंपेअरअनसाइन्ड' ने करा. जावा ८ पासून आहे ते.

घोडा_अडीचघर
शाहूपुरी, तसंही असू शकतं, पण मला दुसरा संशय जास्त येतो: एन पासां (दोन घरं पुढं आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने लगेच मारण्याचा नियम).

की कशी बनते ते आधी लिहितो. ६४ बिटांचे ठरलेले ७८१ यादृच्छिक आकडे असतात. १२ प्रकारचे मोहरे गुणिले ६४ घरं म्हणजे ७६८, कॅसलिंगच्या हक्कांचे ४, एन पासांच्या स्तंभांचे ८ आणि चाल पांढऱ्याची असेल तर वापरायचा १. स्थितीला लागू असतील ते सगळे एकमेकांशी एक्सऑर करायचे (बिटांची एक साधी क्रिया), की तयार. हे ७८१ आकडे स्वतः बनवून चालत नाही, पॉलिग्लॉटचेच घ्यावे लागतात.

आता मेख. फेन (स्थिती एका ओळीत लिहिण्याची पद्धत) लिहिताना कुठलंही प्यादं दोन घरं पुढं गेलं की एन पासांचं घर नोंदवायचं असा मूळ प्रमाणित नियम आहे. १.ई४ नंतर फेनमध्ये ई३ येतं. पॉलिग्लॉट तसं करत नाही. शेजारच्या स्तंभात, त्याच आडव्या रांगेत, ते प्यादं मारू शकेल असं विरुद्ध बाजूचं प्यादं उभं असेल तरच तो एन पासांचा आकडा मिसळतो. १.ई४ नंतर काळ्याचं एकही प्यादं चौथ्या रांगेत नाही, म्हणून काही मिसळायचं नाही. तुमच्या प्रोग्रामने फेनवरून सरळ उचललं असेल तर प्याद्याच्या बहुतेक दुहेरी चालींनंतर की चुकते आणि पुढच्या साध्या चालीला आपोआप सुधारते. १.घोडा एफ३ ला उत्तर मिळतं, १.ई४ ला मिळत नाही, हे या लक्षणात तंतोतंत बसतं.

शाहूपुरी_६४
बसतं, मान्य. पण माझ्याही लक्षणात बसतं! पॉलिग्लॉटच्या वर्णनात तपासणीसाठी काही कीज दिलेल्या आहेत. सुरुवातीच्या स्थितीची ४६३बी९६१८१६९१एफसी९सी आणि १.ई४ नंतरची ८२३सी९बी५०एफडी११४१९६. पहिलीचा पहिला अंक ४, म्हणजे वरचा बिट शून्य. दुसरीचा ८, म्हणजे वरचा बिट १, आणि जावाच्या लेखी ती ऋण. सुरुवातीची स्थिती सापडते आणि ई४ नंतरची हरवते, हे चिन्हाच्या गडबडीनेही होईल.

घोडा_अडीचघर
वा, हे भारी काढलंत. मग निकाल लावायला एकच चाचणी पुरे. पाहुणे, १.ई४ नंतर तुमचा प्रोग्राम जी की काढतो ती पडद्यावर छापा. ती ८२३सी ने सुरू होणाऱ्या वरच्या कीशी जुळली तर की बरोबर आणि शोध चुकीचा, म्हणजे शाहूपुरींचं खरं. जुळली नाही तर एन पासां.

त्यासोबत १.ई४ डी५ २.ई५ एफ५ नंतरचीही छापा. ती २२ए४८बी५ए८ई४७एफएफ७८ यायला हवी. इथं ई५ वरचं प्यादं एफ५ वरच्याला खरोखर मारू शकतं, म्हणून एन पासां मिसळलंच पाहिजे. काही जण दुरुस्ती म्हणून एन पासां पूर्णच काढून टाकतात. त्यांची पहिली चाचणी पास होते आणि दुसरी नापास.

रंकाळा_स्टँड
सुंदर चर्चा चाललीय. भावांनो, चुकीच्या कीमुळं नुसतं उत्तर मिळत नाही एवढंच होतं, की चुकीची चालही मिळू शकते?

उंट_तिरका
चुकीची की दुसऱ्याच एखाद्या स्थितीच्या कीशी जुळण्याची शक्यता ६४ बिटांत नगण्य आहे. तरी पुस्तकातून आलेली चाल त्या स्थितीत कायदेशीर आहे की नाही हे तपासूनच खेळावं. पाच ओळींचं काम आहे.

चुकीची चाल येण्याचं नेहमीचं कारण कॅसलिंग. चाल २ बाइटांत अशी भरलेली असते: खालचे ३ बिट पोचण्याच्या घराचा स्तंभ, पुढचे ३ त्याची रांग, मग ३ निघण्याच्या घराचा स्तंभ, ३ त्याची रांग, आणि त्यावर ३ बिट बढतीच्या मोहऱ्याचे (घोडा १, उंट २, हत्ती ३, वजीर ४). सगळं शून्यापासून मोजायचं. ई२-ई४ म्हणजे ४ + ३×८ + ४×६४ + १×५१२ = ७९६. तुमच्या प्रोग्रामला ७९६ आलं की वाचन नीट आहे असं समजा. न आल्यास बाइटांचा क्रम बघा. फाईल बिग-एंडियन (मोठा बाइट आधी) आहे आणि आपले संगणक बहुतेक उलट्या क्रमाचे. जावातलं 'डेटाइनपुटस्ट्रीम' मुळातच बिग-एंडियन वाचतं, तिथं ही अडचण येत नाही. सी मध्ये येते.

कॅसलिंग पॉलिग्लॉटमध्ये 'राजा आपल्याच हत्तीच्या घरावर जातो' असं लिहितात. पांढऱ्याचं लहान कॅसलिंग ई१-एच१, म्हणजे २६३. आपल्या बहुतेक प्रोग्रामांना ई१-जी१, म्हणजे २६२ कळतं. भाषांतर केलं नाही तर चाल बेकायदा ठरून टाकली जाते आणि इटालियन किंवा रुय लोपेझमध्ये बरोबर कॅसलिंगच्या वेळीच पुस्तक संपल्यासारखं दिसतं. मात्र डोळे झाकून बदलू नका. ई१ वर राजाच आहे आणि एच१ वर त्याचाच हत्ती आहे हे बघून बदला, कारण ई१ वरचा हत्ती एच१ ला जाणं ही साधी चालही असू शकते.

वजीर_मागे_घ्या
दुसऱ्या प्रश्नाकडं कुणी वळलंच नाही. मी घेतो, कारण माझ्या मते गाडी खरी तिथंच अडते.

पुस्तकातलं वजन म्हणजे चालीची गुणवत्ता नव्हे. पॉलिग्लॉटचं 'मेक-बुक' (डावांच्या संग्रहावरून पुस्तक बनवणारी आज्ञा) वजन काढतं ते असं: ती चाल खेळणाऱ्या बाजूचे विजय गुणिले २, अधिक बरोबऱ्या. पराभव मोजलेच जात नाहीत. आता एका स्थितीत समजा तीन चाली आहेत.

क: १०० डाव, ४० विजय, ३५ बरोबऱ्या. वजन ११५.
ख: १० डाव, ९ विजय, १ बरोबरी. वजन १९.
ग: ३०० डाव, ६० विजय, ६० बरोबऱ्या, १८० पराभव. वजन १८०.

ग चालीला शेकडा ३० गुण, क ला साडेसत्तावन्न, ख ला ९५. पण बेरीज ३१४ आणि त्यात ग चा हिस्सा ५७ टक्क्यांवर! शून्य ते १७९ आकडा आला की ग, १८० ते २९४ आला की क, २९५ ते ३१३ ला ख. प्रोग्राम 'सर्वांत जास्त वजन' या रीतीवर असेल तर दरवेळी गच. वाईट चाल केवळ लोकप्रिय आहे म्हणून जिंकते. पाहुण्यांच्या प्रोग्रामचं हेच होत असणार.

'मग टक्केवारीने निवडा' असं कुणी म्हणेल, तर तेही धोक्याचं. ख चे दहाच डाव आहेत. दहा डावांतले नऊ विजय समोरच्या कच्च्या खेळाडूंमुळेही असू शकतात.

शाहूपुरी_६४
+१. उपाय पुस्तक बनवतानाच आहे. 'मिन-गेम' म्हणजे किमान इतके डाव झालेली चालच ठेवायची. मूळ किंमत ३ आहे, मोठ्या संग्रहाला ती फार कमी पडते, १० ते २० ठेवा. 'मिन-स्कोअर' ची मर्यादा शेकडा ४० गुणांवर ठेवली की वरची ग चाल गळते. शिवाय 'मॅक्स-प्लाय' ने लांबी मर्यादित करा. ती अर्ध्या चालींत मोजतात, म्हणजे ८ पूर्ण चाली हव्या असतील तर १६. इंजिनांचे सामने घेणाऱ्या क्यूटचेस-सीएलआयमधलं 'बुकडेप्थ' मात्र पूर्ण चालींत आहे. दोन्हींत एकच आकडा टाकून लोक गोंधळतात.

वजनाला १६ बिट आहेत, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. स्वतःचं साधन लिहीत असाल तर त्याहून मोठी बेरीज आल्यावर त्या स्थितीतल्या सगळ्या चालींची वजनं एकाच प्रमाणात खाली आणा. एकाच चालीचं वजन कापलं तर तिचा हिस्सा चुकतो.

कळंबा_कट्टा
वजीर, एका बाबतीत असहमत. लोकप्रियता म्हणजे कचरा नव्हे. मजबूत खेळाडूंच्या डावांतून पुस्तक बनवलं तर चाल किती जण खेळतात हाच तिच्या दर्जाचा सर्वांत भरवशाचा खुणेचा दगड आहे. एखादी चाल ग्रँडमास्टर पुन्हा पुन्हा खेळतात ती उगाच नाही. तुमचं ग चं उदाहरण शेकडा ३० गुणांचं आहे. मास्टरांच्या संग्रहात ३०० वेळा खेळली गेलेली आणि इतकी हरणारी चाल टिकत नाही, ती दोनचार स्पर्धांत मरते.

खरा दोष कच्च्या मालात आहे. लिचेस या ऑनलाइन साइटचे महिन्यामहिन्याचे डाव फुकट मिळतात, लोक तेच ढिगाने ओततात आणि त्यात बुलेटपासून (अगदी झटपट डावांपासून) सगळं असतं. १.ई४ ई५ २.घोडा एफ३ घोडा सी६ ३.उंट सी४ ला ३...घोडा डी४ हा सापळा बघा. ४.घोडा मारून ई५ ची हाव धरली की ४...वजीर जी५ ने पांढरा अडकतो. नवखे अडकतात, म्हणून काळ्याचे विजय भरमसाट. पण ४.घोडा मारतो डी४ किंवा साधं ४.कॅसलिंग केलं की पांढरा आरामात बरा. कच्च्या डावांवर बनवलेलं पुस्तक या चालीला चांगलं वजन आणि चांगली टक्केवारी दोन्ही देतं. तुमचं मिन-स्कोअर इथं काहीच गाळणार नाही.

म्हणून आधी डावांच्या पीजीएन फाईली पीजीएन-एक्स्ट्रॅक्ट या साधनाने गाळा: दोघांचं रेटिंग, डावाचा वेळ, किमान चाली. मग मेक-बुक.

वजीर_मागे_घ्या
कळंबा, मास्टरांच्या संग्रहाबाबत तुमचं पटलं. त्यात एक भर. मास्टरांतही जुनी लोकप्रिय चाल नंतर मोडीत निघालेली असते आणि वजन मात्र साठून राहिलेलं असतं. चाल कधीची आहे हे पॉलिग्लॉटला कळत नाही.

याच बाबतीत आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाचं काम मला आजही शिकण्यासारखं वाटतं. कास्पारोव्हविरुद्धच्या १९९७ च्या सामन्यासाठी त्याचं मुख्य पुस्तक हातानेच बनवलं होतं, साधारण ४,००० स्थितींचं. मुख्यतः जोएल बेंजामिन, सोबत निक डी फर्मियन, जॉन फेडोरोविच आणि मिगेल इलेस्कस. त्याखेरीज ७,००,००० डावांवर बांधलेलं 'विस्तारित पुस्तक' होतं. ते चाल लादत नसे. चाल किती वेळा खेळली गेली, खेळणारे किती ताकदीचे, किती अलीकडे, निकाल काय, टीकाकारांनी काय खूण दिली, हे सगळं मिळून त्या चालीला शोधात थोडं झुकतं माप दिलं जाई. शेवटचा निर्णय शोधाचाच. सहाव्या डावात कारो-कानमध्ये ८.घोडा मारतो ई६ हे बलिदान आलं ते पुस्तकातून, आणि कास्पारोव्हने १९ चालींत डाव सोडला.

रंकाळा_स्टँड
मग आता स्टॉकफिश इंजिनमध्ये पुस्तक का नाही? पूर्वी होतं ना?

घोडा_अडीचघर
होतं, पॉलिग्लॉटचंच. नंतर काढून टाकलं. पुस्तक सांभाळणं हे इंटरफेसचं (पट दाखवणाऱ्या प्रोग्रामचं) काम मानलं जातं. युसीआयमध्ये, म्हणजे इंजिन आणि इंटरफेस यांच्या संवादाच्या ठरलेल्या पद्धतीत, 'ओनबुक' नावाचा पर्याय त्यासाठीच आहे: तो चालू असेल तर इंजिन स्वतःचं पुस्तक वापरणार आणि इंटरफेसने हात लावायचा नाही. दोन्हीकडं पुस्तक चालू राहिलं की कुठली चाल कुणी दिली हेच कळत नाही.

इंजिनांच्या चाचण्यांत पुस्तकाचं काम वेगळंच असतं. तिथं दोन्ही इंजिनांना तीच ओपनिंग रंग बदलून दोनदा देतात. फिशटेस्ट या स्टॉकफिशच्या चाचणी-यंत्रणेवर मुद्दाम असमतोल ओपनिंगची पुस्तकं वापरतात, कारण समतोल सुरुवात दिली की इतकी ताकदवान इंजिनं बहुतेक डाव बरोबरीत सोडतात आणि फरकच दिसत नाही.

पटावरचा_पाहुणा
चाचणी केली. सुरुवातीची की जुळते. १.ई४ नंतरची जुळत नाही, एफ५ वाली जुळते. म्हणजे घोडा_अडीचघर यांचं निदान बरोबर, एन पासां प्रत्येक वेळी मिसळलं जात होतं. शेजारच्या प्याद्याची अट घातली आणि १.ई४ ला ई५, सी५, ई६ सगळी उत्तरं येऊ लागली. शोधाच्या कोडमध्ये चिन्हविरहित तुलना आधीपासूनच होती. दोघांचेही मनापासून आभार.

निवड 'सर्वांत जास्त वजन' अशीच लिहिलेली आहे. ती बदलतो. तिसऱ्या प्रश्नाचं काय?

कळंबा_कट्टा
मुलांसाठी एकच पुस्तक नको. प्रोग्राम प्रतिस्पर्धी म्हणून बसणार आहे, तर त्याच्या बाजूला विविधता हवी. मुलगा इटालियन शिकतोय तर ३.उंट सी४ ला ३...उंट सी५, ३...घोडा एफ६, ३...उंट ई७, ३...डी६ हे सगळं समोर यायला हवं, स्पर्धेत जितक्या वेळा येतं साधारण तितक्या प्रमाणात. आणि हो, ३...घोडा डी४ सुद्धा थोड्या वजनाने मुद्दाम ठेवा! त्याचं उत्तर मुलांना यायलाच हवं.

रचना अशी करा. काळ्याच्या चालींचं एक पुस्तक 'ओन्ली-ब्लॅक' ने, पांढऱ्याचं दुसरं 'ओन्ली-व्हाइट' ने, वेगवेगळ्या गाळणीतून. मग 'मर्ज-बुक' ने जोडा. दोन्हींत तीच स्थिती असेल तर पहिल्या फाईलचं ऐकलं जातं, म्हणून हाताने सुधारलेली फाईल पहिली द्या. हाताने वजन बदलायला स्किडमधली पुस्तक सुधारण्याची खिडकी सोयीची आहे.

उंट_तिरका
निवडीत एक घातांकही घाला. प्रत्येक वजनाचा घात काढायचा आणि मगच हिस्से पाडायचे. घात १ म्हणजे जसंच्या तसं, ० म्हणजे सगळ्यांना समान संधी, मोठा घात म्हणजे जवळजवळ दरवेळी वरचीच चाल. वजीर यांचेच आकडे घ्या, ११५, १९, १८०. घात ०.५ केला तर हिस्से साधारण ३८, १५ आणि ४७ टक्के होतात. घात २ केला तर २९, १ आणि ७०. नवख्या मुलांना १, थोड्या तयार मुलांना ०.५, म्हणजे अनोळखी फांद्याही समोर येतील. ड्रॉइडफिश फोनवर वापरत असाल तर त्यातही यादृच्छिकपणा आणि पुस्तकाची कमाल लांबी अशा सोयी आहेत, आणि पॉलिग्लॉटची .बिन फाईल चालते.

यादृच्छिक आकड्याचं बीज पक्कं ठेवलेलं नाही ना तेही बघा. जावात 'रँडम' ला आकडा न देता बनवलं तर दरवेळी वेगळं बीज मिळतं. कुणी चाचणीसाठी ठरावीक आकडा दिला असेल तर रोज सकाळी प्रोग्राम उघडल्यावर डावांचा क्रम तोच येतो आणि मुलांच्या तो दोन दिवसांत लक्षात येतो.

शाहूपुरी_६४
लांबीबद्दल माझा आग्रह: ८ ते १२ वयासाठी ६ ते ८ पूर्ण चाली, त्याहून लांब नको. इंजिनाची ताकद कमी करून ठेवलेली असते. पुस्तक १५ चालींचं असलं की पहिल्या १५ चाली ग्रँडमास्टरच्या आणि सोळावीला फुकट मोहरा, असा विचित्र डाव होतो. मुलाला वाटतं आपण ओपनिंगमध्ये हरलो, प्रत्यक्षात तिथं तो कुणाच्यातरी पाठांतराशी लढत होता.

रंकाळा_स्टँड
मुलानं चालींचा क्रम बदलला तर? १.घोडा एफ३ घोडा एफ६ २.सी४ ई६ ३.डी४ असं आलं आणि पुस्तकात १.डी४ घोडा एफ६ २.सी४ ई६ ३.घोडा एफ३ असंच भरलेलं असेल तर?

घोडा_अडीचघर
सापडतं. की स्थितीची असते, वाटेची नाही. आणि तुमचं उदाहरण पाहुण्यांच्या दुरुस्तीची नेमकी परीक्षा घेणारं आहे. पहिल्या क्रमात शेवटची चाल डी४, प्याद्याची दुहेरी. दुसऱ्यात शेवटची घोड्याची. जुन्या कोडमध्ये या दोन सारख्याच स्थितींच्या कीज वेगळ्या आल्या असत्या. आता एकच यायला हव्यात. पाहुणे, ही तिसरी चाचणी म्हणून कोडमध्ये कायमची ठेवा.

वाट लक्षात नसण्याचा तोटाही आहे. स्थिती आधी दोनदा येऊन गेली हे पुस्तकाला ठाऊक नसतं. चांगला डाव चालू असताना ते तीच चाल देऊन तिसऱ्यांदा स्थिती घडवू शकतं आणि डाव बरोबरीत जातो. स्थिती एकदा येऊन गेली असेल तर पुस्तक बाजूला ठेवून इंजिनाला विचारा.

पटावरचा_पाहुणा
तिसरी चाचणी पास, दोन्ही कीज सारख्या. घात १ आणि लांबी ८ चाली ठेवून बघतो. पीजीएन गाळताना रेटिंग किती धरू?

कळंबा_कट्टा
पांढऱ्यासाठी, म्हणजे मुलांना शिकवायच्या बाजूसाठी, दोघेही २२०० च्या वर आणि क्लासिकल वेळ. काळ्यासाठी, म्हणजे प्रोग्राम जी उत्तरं देईल त्यासाठी, १४०० ते १८००, रॅपिड. मिन-गेम पहिल्याला १०, दुसऱ्याला २०. मुलं दोन्ही रंगांनी खेळणार म्हणून याची उलटी जोडीही बनवा, एकूण चार फाईली होतील. नावात रंग आणि रेटिंग लिहून ठेवा, कारण .बिन उघडून बघितल्यावर कशातून बनवली ते कुठंच लिहिलेलं नसतं.